आजोबांची मारुती

प्रश्न : काका, आजोबांच्या माघारी त्यांची १९९८ची मारुती ८०० माझ्याकडे आली. दोन पावसाळे अंगणात उभी आहे. शिकवण्या घेऊन महिन्याला दीड हजार उरतात. मॅग व्हील (मिश्रधातूची दिखाऊ चाकं), मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि काळा रंग, आधी काय करू?
– एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : यातलं काहीच नको. आधी पायाखालची मॅट उचल आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जा. टणटण वाजला तर पत्रा शाबूत, बद्द वाजला तर गंजाने खाल्लाय. आपल्याकडचा खारा वारा मॅटखाली ओल धरून बसतो. माझ्या गाडीला एकाने गंजावरच पुट्टी थापून रंग मारला होता. गणपतीत चकचकीत, शिमग्याला फोड! कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, मग प्राइमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. पहिले सहा महिने पैसे इथेच जाऊ देत.

जुनं पेट्रोल काढ, कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, साफ करून घे. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) आणि ब्रेकची रबरं बदलल्याशिवाय उतारावर गाडी नेऊ नकोस.

कागद बघ. वारसाला गाडी नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. रंग बदललास तर आरटीओत नोंद हवी. सायलेन्सर विसरच, दंड होईल.

हौस सीट कव्हरवर भागव. आणि आजोबांचा कॅसेट प्लेअर असेल तर काढू नकोस हं.