फायब्रोमायल्जिया (अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार) असलेल्या दादांचा विसरभोळेपणा विडीमुळे वाढतो का? (निपाणी)

वाढण्याची शक्यता बरीच आहे. विडी ओढली की डोके चालते, हा तुमच्या दादांचा अनुभव खोटा नसला तरी त्यातला मोठा भाग निकोटीन उतरल्यावर येणारी बेचैनी शमण्याचा असतो. निकोटीनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, आणि मग शब्द न सुचणे, हिशेबाच्या वहीतली ओळ दोनदा वाचावी लागणे पुन्हा सुरू होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्यांनी स्मरण, भाषा व एकाग्रतेच्या तक्रारी अधिक सांगितल्या. त्यांची झोपही अधिक बिघडलेली होती, आणि माझ्या मते गोम बहुधा तिथेच आहे. मात्र हा अभ्यास प्रश्नावलीवर आधारित असल्याने तंबाखू हेच कारण आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. दुखणे जास्त असलेला माणूस जास्त ओढत असेल, हेही संभवते. निपाणीत तंबाखू घराघरांत असला तरी विडी सिगारेटपेक्षा सौम्य नाही, उलट तिच्या धुरात निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड अधिक असतात. सोडल्यावर पहिले दोन-चार आठवडे लक्ष आणखी विचलित होते, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. दरम्यान थायरॉईड व बी-१२ तपासून घ्यावे आणि प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन ही दुखण्यावर दिली जाणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे, कारण गुंगी त्यांचीही असू शकते. विडी सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक निःशुल्क आहे.