पुरातून वाचलेला १५ वर्षांचा भाचा चार महिने झाले गप्पच असतो, त्याला बोलतं कसं करावं?

बोलतं करायच्या मागे लागू नका, हे आधीच सांगते कारण मी नेमकं तेच केलं होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही अरण्येश्वरजवळ तळमजल्यावर राहायचो, मुलगा नववीत होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी घरात घेतलं म्हणून वाचलो. त्या पावसात पुणे आणि आसपास वीसच्या वर माणसं गेली.

धाकटी रडायची, मला सोडायची नाही, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. हा आपला चिखल उपसतोय, भांडी धुतोय, आम्हाला वाटलं किती समजूतदार पोरगा. दिवाळीनंतर मात्र रात्र रात्र जागा राहायला लागला, जरा काही म्हटलं की अंगावर यायचा, पुस्तक उघडायचा नाही आणि आभाळ भरून आलं की सॅक भरून दाराशी बसायचा. मी आधी ओरडायचे, मग रोज समोर बसवून विचारायचे सांग ना रे काय होतंय, तो अजूनच मिटत गेला.

शाळेतल्या बाईंनी एका समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्या म्हणाल्या सॅक काढून घेऊ नका, उलट त्याच्यासोबत भरा. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं, कागदपत्रं माळ्यावर, टॉर्च कुठे, मेन स्विच कोण बंद करणार, कोणाकडे जायचं. स्विचचं काम त्याने स्वतःहून घेतलं. त्या रात्री आपल्या हातात काहीच नव्हतं ही गोष्ट या वयाच्या मुलांना फार आत लागते असं मला वाटतं, काहीतरी हातात आलं की मगच झोप लागते. जेवायची-झोपायची वेळ, मित्र, ग्राउंड हे पण सोडू देऊ नका.

बोलला तो तीन महिन्यांनी, स्कूटरवर मागे बसून, माझा चेहरा दिसत नव्हता तेव्हा. शेजारचा कुत्रा साखळीला होता, मी सोडायला हवा होता म्हणाला. तुझी काय चूक असं पटकन तोंडावर आलं होतं पण गिळलं, म्हटलं मलाही आठवतो रे तो. घर येईपर्यंत बोलत होता.

पहिला महिनाभर झोप उडणं, दचकणं बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेक मुलं हळूहळू सावरतात. पण तुमच्याकडे चार महिने झालेत, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवाच, या आघातावर बोलून करायचे खास उपचार असतात, दरवेळी गोळ्याच देतात असं नाही. जगून काय करू असं काही बोलला तर एक दिवसही थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, कधीही लागतो, मराठीत बोलतात.

आणि पुराची तारीख लक्षात ठेवा. आमच्याकडे सप्टेंबर संपत आला की अजून त्याची झोप जाते, त्या आठवड्यात मी शक्यतो बाहेरगावी जात नाही.