दंडावरचे डाग आणि ‘पडल्या होत्या’ हे उत्तर

प्रश्न : आई (वय 78) आठ महिन्यांपासून शुश्रूषा केंद्रात आहे. दोन भेटींत तिच्या दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग दिसले. ‘बाथरूममध्ये पडल्या होत्या’ एवढंच केंद्रवाले सांगतात. आई म्हणते, “तू बोलू नकोस, मला इथंच राहायचंय.” नुसत्या संशयावर तक्रार करता येते का?

उत्तर : येते. गुन्हा सिद्ध करून पोलिसांकडे जायचं नसतं, तपास करणं त्यांचं काम.

पण आधी डाग नीट बघा. पडलेल्या माणसाला मार बहुधा गुडघा, कोपर, कंबर किंवा कपाळाला लागतो. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांएवढे गोल डाग असतील, तर ते घट्ट धरल्याचे असू शकतात. मनगटाभोवती वळ असेल तर बांधल्याचा संशय घ्या. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते का? मग साध्या धक्क्यानंही डाग उठतो, आणि समोरचा वकील हाच मुद्दा पहिला काढेल. म्हणून बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून जखमांची जागा नि आकार लेखी घ्या. माकडहाड आणि टाचांवर शय्याव्रण (सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) आहेत का, वजन उतरलंय का, हेही बघायला सांगा. फोटो काढाल ते मूळ मोबाइलमध्येच ठेवा. कोर्टात अशा फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (डिजिटल पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं.

पडल्याच्या दिवसाची नोंद आणि औषधांचा तक्ता केंद्राकडे लेखी मागा. नोंदच नसेल तर ‘पडल्या’ हे उत्तर त्यांच्याच अंगाशी येईल.

साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ठाण्यात ‘एनसी’वर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीवर) बोळवण होते ती इथंच. बांधून किंवा कोंडून ठेवणं मात्र कलम 127 खाली दखलपात्र. तशा खुणा असतील तर तक्रारीत त्याच आधी लिहा. सेवेतल्या त्रुटीसाठी दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

मला डागांपेक्षा आईचं वाक्य जास्त खटकतं. तिच्याशी एकटीशी बोला. सेविका खोलीबाहेर जात नसेल तर तारखेसह टिपून ठेवा. आणि तिची राहायची दुसरी सोय झाल्याशिवाय तक्रारीची वाच्यता केंद्रात करू नका. मात्र जिवाला धोका वाटला तर थांबू नका, 112 लावा. तिला हलवताना ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतील. ती देऊ नका. अनामत अडवली, तर तीही आयोगापुढे मागता येते.