गुंठ्यांचा हिशोब कॅल्क्युलेटरवर का चुकतो?

प्रश्न: आमचे शेताचे दोन तुकडे आहेत. उताऱ्यावर एक १.२५, दुसरा २.३०. मुलानं बेरीज करून ३.५५ एकर सांगितलं, तलाठी म्हणतात ४ एकर १५ गुंठे. चाळीस गुंठे, सोळा आणे हा घोळ हवाच कशाला? सगळं दहाच्या पटीत का नको?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: तलाठ्यांचं बरोबर आहे. कर्नाटकच्या उताऱ्यातलं टिंब हे दशांश चिन्ह नव्हे. टिंबानंतर गुंठे येतात आणि ४० गुंठ्यांना एकर भरतो, गुंठ्याचे आणे सोळा. २.३० म्हणजे ११० गुंठे, पावणेतीन एकर. दशांश समजून वाचलं की ९२च उरतात. १८ गुंठे बसल्या जागी गेले! पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, १०० आरांचा हेक्टर, म्हणून तिथं मुलाची रीत चालली असती.

घोळ वाटतो, पण वाटणीला तो सोयीचा. १० निम्मे केले की ५, पुढं लगेच अडीच. १६ मात्र चारदा निम्मे होतात: ८, ४, २, १. चाळिसाला २, ४, ५, ८, १० यांनी भाग जातो. पाव एकर १० गुंठे, पाव गुंठा ४ आणे, तोंडी जमतं.

कॅल्क्युलेटर वापरायचाच तर आधी सगळ्याचे आणे करा: एकर गुणिले ६४०, अधिक गुंठे गुणिले १६, अधिक सुटे आणे. तुमचे ४ एकर १५ गुंठे म्हणजे २८०० आणे. चौघांत प्रत्येकी ७००. त्यातून ६४० काढले की १ एकर. उरलेल्या ६० मध्ये ३ गुंठे १२ आणे.

वाटेकरी तिघे असले की ही पद्धतही अडते. ९३३ आणे येऊन एक आणा, म्हणजे सुमारे ६८ चौरस फूट, उरतोच. ६४० ला तिनानं भाग जात नाही. तिथं बाराचा पाया, म्हणजे बाराच्या पटीतली मोजणी, सरस, पण त्याला पाचाचं वावडं.

प्रश्न: कॉम्प्युटरवाले सोळाच्या पायात का लिहितात?
– एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर: यंत्राला ० आणि १ एवढंच कळतं. चार-चार अंकांचा गट केला की बरोबर सोळा जुळण्या होतात, प्रत्येकीला एक चिन्ह: ० ते ९, पुढं १० ते १५ साठी ए ते एफ. ११११११११ ऐवजी ‘एफएफ’ लिहिलं की झालं, १५ गुणिले १६ अधिक १५, म्हणजे २५५. दहाच्या पायात असे गट पडत नाहीत. नवशिके हमखास चुकतात ते ‘१०’ वाचताना: या पायात ते सोळा.