ईस्टर, चैत्री पौर्णिमा आणि रंगवलेली अंडी

प्रश्न : २०१९ साली गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला आली होती. हा योगायोग समजायचा का? नाताळ २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टर दरवर्षी पुढेमागे का होतो? शिवाय ईस्टरला अंडी का रंगवतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : योगायोग थोडा, नातं जास्त, आणि ते नातं चंद्राचं आहे. मी वसईच्या ख्रिस्ती घरात वाढले. आमच्याकडे नवं कॅलेंडर आलं की आधी ईस्टर कधी ते पाहायचं, कारण राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस), ईस्टरआधीचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) हे सगळं त्यावरून ठरतं.

येशूला क्रुसावर खिळलं तो दिवस गुड फ्रायडे, आणि तो पुन्हा उठला तो रविवार म्हणजे ईस्टर. हे घडलं यरुशलेममध्ये, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या (मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या आठवणीचा सण) दिवसांत. यहुदी महिना नव्या चंद्रकोरीपासून मोजतात, त्यामुळे निसान महिन्याच्या मध्यावर येणारा हा सण पौर्णिमेच्या आसपास पडतो. निसान वसंतातला, आपला चैत्रही वसंतातला. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून दोन्ही पंचांगांत अधिक महिना धरतात. म्हणून बहुतेक वर्षी वल्हांडण आणि चैत्री पौर्णिमा लागून येतात. तुम्ही म्हणता त्या शुक्रवारी निसानची १४ तारीखच होती.

मात्र दरवर्षी असं जुळत नाही. चर्चचा नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येऊ शकतो. २०२४ मध्ये ही पौर्णिमा २५ मार्चला, म्हणजे आपल्या धुळवडीच्या दिवशी पडली आणि ईस्टर ३१ मार्चला झाला. यहुद्यांचं ते अधिक महिन्याचं वर्ष होतं, म्हणून त्यांचं वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती.

रविवारच का, यावरून पहिल्या शतकांत मोठा वाद होता. आशिया मायनरमधले (आजच्या तुर्कस्तानातले) ख्रिस्ती वार न बघता निसानच्या चौदाव्या तिथीला सण पाळत, तर रोममध्ये रविवारी पाळत, कारण येशू पुन्हा उठला तो रविवारी. इ. स. १५५च्या सुमारास आशिया मायनरमधल्या स्मर्ना शहराचे वृद्ध बिशप पॉलिकार्प या विषयावर बोलायला रोमला गेले. तिथले बिशप अनिसेटस आणि ते, दोघंही आपल्या मतावरून हलले नाहीत. तरीही अनिसेटस यांनी आपल्या चर्चमध्ये उपासना चालवायचा मान पॉलिकार्प यांना दिला आणि दोघं सलोख्याने निरोप घेऊन गेले. चर्चच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पुढे ३२५ साली निकेयाच्या परिषदेत सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असं ठरलं. १५८२मध्ये पोप ग्रेगरी यांनी कॅलेंडर सुधारलं. पूर्वेकडची बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेस ईस्टरसाठी अजून जुनंच धरतात, म्हणून २०२४मध्ये त्यांचा ईस्टर ५ मे रोजी झाला. २०२५मध्ये मात्र दोन्हीकडे २० एप्रिलच होता.

तुम्ही अंड्यांचं विचारलंत, पण आमच्या सणाचा गाभा ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या रात्री असतो. चर्चचे दिवे मालवलेले असतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात. धर्मगुरू उंच पास्का (म्हणजे ईस्टरच्या) मेणबत्तीवर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. मग धुपाचे पाच खडे क्रुसात बसवतात, येशूच्या पाच जखमांची आठवण म्हणून. ती मेणबत्ती अंधारात आत नेली जाते आणि तिच्यावरून एकमेकांच्या मेणबत्त्या पेटत जातात. ख्रिस्ती मित्र असेल तर त्याच्याबरोबर एकदा जरूर जा.

आता अंडी. मध्ययुगात युरोपात उपवासकाळाचे ४० दिवस मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्या थोड्याच थांबणार! घराघरांत अंडी साठत आणि उपवास सुटला की ती रंगवून खायची, वाटायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंडी आणि ती मढवायला सोन्याचा वर्ख यांची नोंद आहे. खर्च १८ पेन्स. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, आणि ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर आपटतात. ज्याचं फुटत नाही तो नशीबवान. अंडी आणणाऱ्या सशाची गोष्ट जर्मनीची, १६८२च्या एका पुस्तकात ती आढळते. त्याचा बायबलशी संबंध नाही.

घरी करून पाहायचं असेल तर बाजारचा रंग नको. मूठभर कांद्याची सुकी सालं पाण्यात उकळा, चमचाभर व्हिनेगर घाला आणि त्यातच अंडी दहा-बारा मिनिटं शिजवा. विटकरी रंग चढतो. उकळण्याआधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवून फडक्यात घट्ट बांधलं, तर पानाची फिकट नक्षी उमटते.