पत्रिकेवर आरएसव्हीपी छापायचं का, आणि छापलं तर त्याच्याखाली काय?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलीचं लग्न डिसेंबरात इंदूरला, गार्डन ठरलंय, पत्रिका मराठी आणि इंग्लिश अशा दोन. इंग्लिश पत्रिकेच्या प्रूफमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात आरएसव्हीपी छापून त्याच्याखाली काका-काकू, मामा-मामी, आत्या-आतोबा अशी सगळ्यांची नावं आलीयेत. व्याह्यांकडचे कॅनडातले नातेवाईक म्हणाले हे चूक आहे, प्रेसवाला म्हणतो अख्खं इंदूर असंच छापतं. मग आरएसव्हीपीचा नक्की अर्थ काय, ते वापरायचं कसं, आणि "प्लीज आरएसव्हीपी" लिहिलं तर जास्त नम्र दिसेल का, हे तुम्ही विचारलंय. आपल्या इथल्या मराठी घरांच्या इंग्लिश पत्रिका छापायच्या आधी माझ्याकडे बघायला येतात, आणि त्यात हा घोळ इतक्यांदा दिसतो की जरा सविस्तरच लिहितो.

अर्थापुरतं बोलायचं तर कॅनडावाले बरोबर आहेत. ही चार अक्षरं "रेपोंदे सिल वू प्ले" या फ्रेंच वाक्याची आहेत. रेपोंदे म्हणजे उत्तर द्या, आणि सिल वू प्ले म्हणजे शब्दशः "आपल्याला आवडत असेल तर", पण फ्रेंच माणूस ते आपल्या "कृपया" सारखंच वापरतो, दुकानात पाव मागताना सुद्धा. त्यातला "वू" आपल्या "आपण/तुम्ही"चा आहे. जवळच्या माणसाला म्हणायचं असेल तर "सिल त प्ले" होतं, आणि तिकडची पोरं मेसेजमध्ये त्याचं नुसतं एसटीपी करून टाकतात. पत्रिकेवर मात्र कायम आदरार्थीच. आता "आवडत असेल तर" हे ऐकून काही लोक समजतात की उत्तर देणं ऐच्छिक आहे, तसं अजिबात नाहीये. आपण "कृपया चपला बाहेर काढाव्यात" असं लिहितो तेव्हा जसा पर्याय दिलेला नसतो, तसंच ते. आरएसव्हीपी लिहिलं म्हणजे यजमान म्हणतोय की येणार असाल तरी सांगा, येणार नसाल तरी सांगा, आणि वेळेवर सांगा. म्हणजे ती पाहुण्याला केलेली विनंती आहे, नावांच्या यादीवरचं शीर्षक नव्हे.

"प्लीज आरएसव्हीपी"चं उत्तर यातच आलं. सिल वू प्लेमध्ये प्लीज आधीच आहे, आणि गंमत म्हणजे इंग्लिशचा प्लीज हा शब्दसुद्धा जुन्या फ्रेंचमधूनच आलाय, त्यामुळे एकच शब्द दोनदा होतो. बोलताना, व्हॉट्सअ‍ॅपवर लोक सर्रास लिहितात, मूळ इंग्लिश बोलणारे सुद्धा लिहितात, त्याला मी चूक म्हणून लाल रेघ मारणार नाही. पण छापील पत्रिकेत नको, तिथे ते खटकतं. आणखी नम्र हवं असेल तर सरळ इंग्लिश वाक्य आहे ना, "द फेवर ऑफ अ रिप्लाय इज रिक्वेस्टेड". जुन्या पद्धतीचं आहे, पण सुंदर दिसतं.

वापराचं थोडं व्याकरणही सांगतो कारण ई-मेल लिहिताना लागेल. इंग्लिशमध्ये हे चार अक्षरं सुटी सुटी म्हणून वाचतात, फ्रेंच वाक्य कोणी म्हणत नाही. पहिलं अक्षर "आर" असं स्वराने सुरू होतं म्हणून "अ‍ॅन आरएसव्हीपी" म्हणायचं, "अ" नाही. पूर्वी प्रत्येक अक्षरानंतर टिंब द्यायचे, आता बहुतेक लोक देत नाहीत, दोन्ही चालतं, फक्त एका पत्रिकेत एकच पद्धत ठेवा. आणि हल्ली ते क्रियापदही झालंय, "हॅव यू आरएसव्हीपीड?" असं तुमच्या जावईबापूंच्या बहिणीने विचारलं तर दचकू नका, म्हणजे तुम्ही कळवलंत का एवढंच. छापील पत्रिकेत मी क्रियापद करणार नाही, पण बोलण्यात आता कोणी नाक मुरडत नाही.

इंग्लिश पत्रिकेत फ्रेंच कशाला, हेही पुष्कळ जण विचारतात. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि मग शेकड्यांनी फ्रेंच शब्द इंग्लिशमध्ये आले हे शाळेत शिकलेलं असतं, पण आरएसव्हीपी त्या लाटेतलं नाही, ते फार नंतरचं. युरोपभर राजदरबारांची, वकिलातींची आणि मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांची भाषा फ्रेंच होती तेव्हाची ही देणगी. "एटिकेट" हा शब्दच फ्रेंच, मूळ अर्थ चिठ्ठी किंवा लेबल. त्या काळी भेटीला जाताना नावाचं छोटं कार्ड न्यायचे आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फ्रेंच आद्याक्षरं लिहायचे, पीपीसी म्हणजे निरोप घ्यायला आलो होतो, पीआर म्हणजे आभार मानायला, पीएफ म्हणजे अभिनंदन करायला. ती सगळी आता वकिलातींपुरती उरली आणि त्यांच्यातलं एकटं आरएसव्हीपी तेवढं घराघरात पोचलं. वकिलातींमध्ये अजून एक फार छान पद्धत आहे, पाहुण्याने फोनवर येतो म्हणून सांगितलं असेल तर नंतर जे कार्ड पाठवतात त्यावरचं आरएसव्हीपी खोडून "पूर मेम्वार" लिहितात, म्हणजे फक्त आठवणीसाठी. उत्तर मिळालंय तर परत मागायचं नाही, किती नेमका विचार आहे बघा. मुत्सद्देगिरीतली फ्रेंचची मक्तेदारी १९१९ च्या व्हर्सायच्या तहापासून ढासळली, तो तह फ्रेंच आणि इंग्लिश दोन्हीत लिहिला गेला. पण टपालात ती टिकली, जागतिक टपाल संघटना १८७४ ची, तिची अधिकृत भाषा फ्रेंच, म्हणूनच आपल्याकडच्या निळ्या एअरमेल चिठ्ठीवर "पार आव्हियाँ" असायचं, ज्यांची मुलं परदेशात होती त्यांना आठवत असेल.

आता मुख्य गोष्ट, ती नावं आली कुठून. इंग्लिश पद्धतीच्या पत्रिकेत आमंत्रण देणाऱ्यांची नावं वर असतात, अमुक पती-पत्नी आपल्या उपस्थितीची विनंती करतात वगैरे, आणि खाली कोपऱ्यात आरएसव्हीपीच्या खाली असतो पत्ता, उत्तर कुठे पाठवायचं तो. आता बहुधा फोन नंबर किंवा ई-मेल. आपल्याकडे सरकारी समारंभांची कार्डं बघा, त्यावर अजून बरोबर तसंच असतं, आरएसव्हीपी आणि खाली टेलिफोन नंबर. लग्नाच्या पत्रिकेत मात्र आपल्या इथे त्याच कोपऱ्यात आधीपासून दुसरंच काही बसलेलं होतं. इंदूरच्या हिंदी पत्रिका डोळ्यांसमोर आणा, खाली "विनीत", "दर्शनाभिलाषी", "स्वागतोत्सुक" आणि त्याखाली अख्खा परिवार. आपल्या मराठी पत्रिकेत "आपले नम्र", "निमंत्रक", "व्यवस्थापक". मला वाटतं इंग्लिश पत्रिका छापायची वेळ आली तेव्हा त्याच कोपऱ्यात तेवढाच भारदस्त इंग्लिश शब्द हवा होता आणि आरएसव्हीपी तिथेच छापलेलं दिसत होतं, ते चिकटलं. पण दोन्हींची दिशा एकदम उलटी आहे हो. दर्शनाभिलाषी म्हणजे आम्ही तुमची वाट बघतोय, ते यजमानाबद्दल आहे. आरएसव्हीपी म्हणजे तुम्ही आम्हाला उत्तर द्या, ते पाहुण्याबद्दल आहे. म्हणून कॅनडातल्या माणसाने तुमची पत्रिका वाचली तर त्याला वाटतं की काका, मामा, आतोबा या सगळ्यांना वेगवेगळं कळवायचंय की काय, आणि कळवायचं तर कुठे, नंबर तर एकाचाही नाही.

तरीपण नावं काढून टाका असं मी मुळीच म्हणणार नाही. लग्नघरात मोठ्या काकांचं नाव पत्रिकेत नसलं तर काय रामायण होतं हे सांगायला नको, आणि ते योग्यच आहे, आपल्याकडे मुलीचं लग्न आईबापांचं एकट्याचं नसतंच. नावं सगळी ठेवा, फक्त त्यांच्यावरचा मथळा बदला. पुष्कळ जण "विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम" छापतात, भारतात ते रुळलंय, पण तिकडे ते शब्द एखाद्या भेटवस्तूबरोबरच्या चिठ्ठीवर असतात त्यामुळे मला ते आवडत नाही. "लुकिंग फॉरवर्ड टू वेलकमिंग यू" हे आपल्या स्वागतोत्सुकच्या अगदी जवळ जातं, कॅनडावाल्यालाही लगेच कळतं, माझं मत त्यालाच.

आणि आरएसव्हीपी? इथे आधी स्वतःला विचारा की तुम्हाला उत्तर खरंच हवंय का. कारण आपल्या पद्धतीत पाहुण्याने उत्तर द्यायचंच नसतं. आकडा ठरवायचा तो यजमानाने, आणि तो आमंत्रणातच सांगितलेला असायचा. "सहकुटुंब सहपरिवार" लिहिलं की सगळं घर, "उभयतांनी" म्हटलं की नवरा-बायको, आणि चूलबंद आमंत्रण म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटणारच नाही. अक्षता घेऊन घरोघर जायचं, इथे माळव्यात पिवळे तांदूळ देतात, ते हातात घेतले की विषय संपला. आणि लग्नाला "नाही जमणार" असं तोंडावर म्हणणं अशुभ मानतात, म्हणून न येणारा माणूससुद्धा "बघतो, नक्की जमवतो" म्हणतो आणि आपण ते समजून घेतो. आरएसव्हीपीच्या पद्धतीत आकडा पाहुणा सांगतो. तिकडे जेवणाला प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते, ताटं मोजून लागतात, त्यामुळे "नाही" म्हणणं तिकडे अपमान नाही, उलट वेळेवर "नाही" म्हणणं हा शिष्टाचार आहे. दोन्ही रीती आपापल्या जागी नीट विचार करून झालेल्या आहेत, घोळ होतो तो एकीची पत्रिका आणि दुसरीची वागणूक एकत्र आली की.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर इंदूरातल्या लोकांसाठी आरएसव्हीपी नकोच. सुदामा नगरातल्या शेजाऱ्यांनी किंवा रामबागेतल्या मावशींनी लेखी कळवावं ही अपेक्षाच चुकीची आहे, त्यांना घरी जाऊन सांगाल तेव्हा अंदाज येतोच, आणि केटररला थोडा जास्तीचा आकडा द्यायची इथे सवय आहे सगळ्यांना. पण पुणे, बडोदा, ग्वाल्हेर आणि परदेशातून येणाऱ्यांसाठी खोल्या बुक करायच्या आहेत, स्टेशनवर-एअरपोर्टवर गाड्या पाठवायच्या आहेत, तिथे उत्तर हवंच. म्हणून मुख्य पत्रिकेतून आरएसव्हीपी काढा आणि बाहेरगावच्यांसाठी आत एक छोटी वेगळी चिठ्ठी घाला. इंग्लिशमध्ये नुसतं "आरएसव्हीपी बाय १० नोव्हेंबर", खाली एक नाव आणि एक नंबर, बास. मराठीत "आपण किती जण व कोणत्या गाडीने येणार ते कृपया १० नोव्हेंबरपर्यंत कळवावे, म्हणजे राहण्याची सोय नीट करता येईल". कारण लिहिलं की आपले लोक उत्तर देतात, नुसतं "कळवावे" म्हटलं तर मनावर घेत नाहीत. तारीख नक्की लिहा, तारखेशिवाय आरएसव्हीपीला काही अर्थ राहत नाही.

"रिग्रेट्स ओन्ली" असा एक प्रकार असतो, म्हणजे येणार नसाल तरच कळवा. दिसायला सोपा वाटतो पण आपल्याकडे तो वापरू नका, कारण "नाही" कळवणंच आपल्या लोकांना जड जातं, मग ते गप्प बसतील आणि तुम्ही ती ताटं धरून बसाल.

उलट बाजूचंही एक सांगून ठेवतो. मुलाकडच्यांचं रिसेप्शन कॅनडात असेल तर तिकडून तुम्हाला पत्रिकेबरोबर एक उत्तराचं कार्ड येईल, आणि त्यावर सुरुवातीला नुसतं "एम" अक्षर आणि पुढे लांब रेघ असू शकते. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ती छपाईची चूक वाटते. ते एम म्हणजे मिस्टर, मिसेस, मिस, मिझ यातलं जे असेल त्याचं पहिलं अक्षर, पुढचं तुम्ही पूर्ण करून नाव लिहायचं. आणि पाकिटावर जितकी नावं आहेत तितक्याच माणसांचं आमंत्रण समजायचं, तिकडे सहकुटुंब असं आपोआप धरत नाहीत. भाच्यालाही न्यायचं असेल तर आधी विचारा. जाणं जमणार नसेल तर सुद्धा कार्ड भरून पाठवाच, "रिग्रेट्स" वर खूण करून, आणि वर दोन ओळी शुभेच्छांच्या लिहा, त्यांना त्याचं फार बरं वाटतं.

शेवटी तो नंबर कोणाचा द्यायचा. तुमचा देऊ नका ताई, लग्नाच्या आधीच्या महिनाभरात तुम्हाला फोन उचलायला वेळ मिळणार नाही. मुलीचा तर नकोच. घरातला एखादा पुतण्या किंवा भाची जी व्हॉट्सअ‍ॅपवर तत्पर आहे तिचा द्या, आलेलं प्रत्येक उत्तर तिने एका वहीत नाव, माणसं, गाडी, खोली असं लिहून ठेवायचं, आणि ११ तारखेला ज्यांचं उत्तर नाही त्यांना तिनेच फोन करायचा. प्रूफ दुरुस्त होऊन आलं की पाठवा, नावांच्या स्पेलिंगसकट बघून देतो.