मानवी डोळ्यातल्या लघुतरंग शंकूपेशींचं शिखर 420 नॅनोमीटरला की 440 ला?

तुम्ही विचारलंय की निळ्या प्रकाशाला दाद देणाऱ्या या पेशींचं शिखर, म्हणजे ज्या तरंगलांबीला त्या सगळ्यात संवेदनशील असतात ती, एका पुस्तकात 420 आणि दुसऱ्यात 440 का, आणि तुमच्या प्रकल्पात कोणता आकडा घ्यायचा. दोन्ही बरोबर आहेत, मोजण्याची जागा वेगळी आहे.

420 हा पेशीतल्या रंगद्रव्याचा आकडा. बोमेकर आणि डार्टनॉल यांनी 1980 मध्ये मानवी दृष्टिपटलातल्या एकेका पेशीतून प्रकाशाचा बारीक झोत सोडला आणि किती शोषला गेला ते मोजलं. लघुतरंग शंकूंचं शिखर 420 च्या आसपास आलं, बाकी दोन प्रकारांचं 534 आणि 564 ला. जिवंत माणसात मात्र प्रकाश पेशीपर्यंत पोचण्याआधी दोनदा गाळला जातो. नेत्रभिंग 400 च्या खालचं जवळपास सगळं अडवतं आणि 420 लाही बरंच खातं. मग पीतबिंदूवरचं, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागावरचं, पिवळं रंगद्रव्य, ते 460 च्या सुमारास सगळ्यात जास्त शोषतं. भिंगाने जांभळी बाजूच कापल्यामुळे, डोळ्याबाहेरून मोजलं की शिखर 440 ते 445 कडे सरकतं. बाकी दोघांचं फार हलत नाही, कारण त्या पट्ट्यात भिंग बऱ्यापैकी पारदर्शक असतं.

हे भिंग वयाबरोबर पिवळं होत जातं. मी इंदूरला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मोतीबिंदू काढून आलेल्या आमच्या मराठी काकू-आजी हमखास सांगतात, ‘अगं, करडी म्हणून नेसत होते ती साडी निळी निघाली!’ जुनं भिंग गेलं, निळा प्रकाश पुन्हा आत जायला लागला, एवढंच. नव्या कृत्रिम भिंगांतही काही मुद्दाम पिवळसर असतात, त्यांत हा फरक कमी जाणवतो.

पुस्तकांत या तीन प्रकारच्या शंकूंच्या संवेदनशीलतेचा आलेख असतो, त्यावर फार विश्वास ठेवू नका. तिन्ही वक्रांची उंची सहसा सारखी करून छापतात, त्यामुळे निळा डोंगर इतरांएवढाच भारी वाटतो. प्रत्यक्षात या पेशी एकूण शंकूंच्या 5 ते 10 टक्केच, आणि दृष्टीच्या अगदी मध्यावर, साधारण एक-तृतीयांश अंशाच्या वर्तुळात, त्या जवळपास नसतातच. शीतलामाता बाजारात साडीच्या फॉलला मॅचिंग दोरा घेताना एकच धागा डोळ्यांसमोर धरलात तर गडद निळा आणि काळा ओळखताना गडबड होते. अंधुक उजेडात तर विचारूच नका. पूर्ण रीळ बघा, लगेच कळतं.

राहिला तुमचा प्रकल्प. रंग जुळवायचं गणित असेल तर कॉर्नियापाशी, म्हणजे डोळ्याबाहेरून, मोजलेलाच वक्र घ्या, 420 वाला नको. त्यातही 2 अंशांचा तक्ता आणि 10 अंशांचा तक्ता (रंगाचा पट्टा नजरेत किती अंशांचा कोन व्यापतो त्यानुसार) वेगळे असतात, कारण पीतबिंदूचं रंगद्रव्य मध्यापासून दूर विरळ होत जातं. पडद्यावर मोठा रंगीत पट्टा दाखवणार असाल तर 10 अंशांचा वापरा.